निळा पडदा दिसला म्हणून टेप कोरी झाली असं नाही

खारघरच्या एका वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा. गावच्या घराच्या माळ्यावरून जुना व्हीसीआर आणि अकरा व्हीएचएस कॅसेट खाली काढल्या. मशीन एलईडी टीव्हीला जोडलं तर चालतं, पण डाव्या कोपऱ्यात ‘प्ले’ आणि वेळेचे आकडे सतत दिसत राहतात. दोन कॅसेट लावल्या की मध्येच सगळा पडदा निळा होतो आणि आवाजही जातो. रिमोट हरवलाय. सगळं लॅपटॉपवर उतरवून घ्यायचंय, तर ती अक्षरं कशी घालवायची? आणि निळ्या झालेल्या दोन कॅसेट पुसल्या गेल्यात का, टाकून द्याव्यात का?

टाकू नका. आधी एवढं ऐका, अक्षरांचं नंतर बघू.

मी ठाण्यात नौपाड्यात व्हीसीआर-व्हीसीपी दुरुस्त करत आलोय. व्हीसीपी, म्हणजे फक्त कॅसेट दाखवणारं मशीन, आणि तीन कॅसेट रात्रीपुरत्या भाड्याने मिळायच्या तेव्हापासून. हल्ली दुरुस्ती कमी आणि लग्नं, मुंजी, बारशी उतरवून देणं जास्त. या कामात सगळ्यात जास्त नुकसान बुरशीने केलं असेल असं लोकांना वाटतं. माझ्या मते ते व्हीसीआरच्या मेनूतल्या एका ओळीने केलंय. त्या ओळीचं नाव ब्लू बॅक. काही कंपन्या ब्लू स्क्रीन किंवा ब्लू बॅकग्राउंड लिहितात.

मशीनला टेपवरून धड सिग्नल मिळाला नाही की टीव्हीवर मुंग्या येतात आणि कानाला त्रास देणारा खरखराट होतो. बघणाऱ्याला ते नको म्हणून मशीन स्वतःच चित्र आणि आवाज दोन्ही तोडतं आणि निळा रंग पुढे करतं. सोय चांगली आहे, पण तिची एक गोम आहे. टेप खरंच कोरी असली तरी निळा, हेड (टेप वाचणारा मशीनचा भाग) घाण झाली असली तरी निळा, आणि तीस वर्षांनी सिग्नल जरा अशक्त झाला असला तरी तोच निळा. तीन वेगळे आजार आणि चेहरा एकच. माणूस निळा पडदा बघतो, ‘पुसली गेली वाटतं’ म्हणतो आणि कॅसेट भंगारात जाते.

म्हणून पहिलं काम ब्लू बॅक बंद करणं. आता मुंग्या दिसतील, खरखर ऐकू येईल. येऊ द्या. मग कोपऱ्यातल्या ज्या आकड्यांचा तुम्हाला वैताग आलाय, त्यांच्याकडेच बघा.

व्हीएचएसची टेप अर्धा इंच रुंद असते. चित्र तिच्यावर तिरक्या रेघांनी लिहिलेलं असतं. ते वाचायला ६२ मिलिमीटर व्यासाचा ड्रम आपल्या पॅल (आपल्याकडची टीव्हीची रंगपद्धत) मशीनमध्ये मिनिटाला १५०० फेरे घेतो. पण टेपच्या खालच्या कडेला एक सरळ पट्टी असते, कंट्रोल ट्रॅक, आणि तिच्यावर चित्राच्या प्रत्येक फ्रेममागे एक, म्हणजे सेकंदाला २५ ठोके असतात. हे ठोके फिरणारा ड्रम वाचत नाही, बाजूचं एक स्थिर हेड वाचतं. वरच्या कडेला साध्या आवाजाची पट्टी असते, तीही हेच हेड वाचतं. तास-मिनिट-सेकंद दाखवणारा काउंटर चालतो तो या ठोक्यांवर.

आता हिशोब सोपा आहे. मुंग्या आहेत आणि काउंटर जागचा हलत नाही, तर तिथे टेपवर काही नाही. मुंग्या आहेत पण काउंटर एकेक सेकंद पुढे सरकतोय, तर तिथे रेकॉर्डिंग झालेलं आहे आणि मशीनला चित्र वाचता येत नाहीये. बहुतेक वेळा हेडवर घाण बसलेली असते. खरखरीत मागे माणसांचे आवाज ऐकू आले तर मग शंकाच नको. (अपवाद म्हणजे त्या काळी घाईत वायर न लावताच रेकॉर्ड दाबलेले महाभाग. त्यांच्या टेपवर मुंग्याच रेकॉर्ड झालेल्या आहेत. काउंटर तिथेही पळतो. अशा टेपा मी पाहिल्यात, आणि त्या घेऊन आलेल्यांचे चेहरेही.) फार जुन्या मशीनवर नुसते चार आकडे असतात, तो काउंटर रिळाच्या फेऱ्यांवर चालतो. कोऱ्या टेपवरही तो पळतो, त्याचं मनावर घेऊ नका.

पाचपाखाडीच्या एक काकू मुलाच्या मुंजीची कॅसेट घेऊन आल्या होत्या. एका ठिकाणाहून ती ‘ब्लँक आहे’ म्हणून परत आली होती. मी लावली, निळा पडदा. पण कोपऱ्यात शून्य तास चार मिनिटं सतरा सेकंद, मग अठरा, मग एकोणीस. ब्लू बॅक बंद केलं आणि मुंग्यांच्या मागून गुरुजींचा आवाज स्वच्छ आला. काकू स्टूलावरून उठूनच उभ्या राहिल्या. मशीन बंद केलं, प्लग काढला, झाकण उघडलं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कागदाचा तुकडा ड्रमला बोटाने हलकेच टेकवून ठेवला आणि दुसऱ्या हाताने ड्रम सावकाश फिरवला. कागदावर दोन तपकिरी रेघा उठल्या. तीस वर्षांची टेप आणि तिने सोडलेली भुकटी. पुन्हा कॅसेट लावली तर मुंडावळ्या बांधलेला बटू मातृभोजनाला बसलेला. मी काही जादू केली नव्हती, फक्त आकडे वाचले होते.

हे घरी करायचं असेल तर कान साफ करायचे कापसाचे बोळे ड्रमला लावू नका. हेडचं टोक केसाइतकं नाजूक असतं, त्यात कापसाचा धागा अडकला की ते तुटतं. कागदही आडवाच टेकवायचा, वर-खाली कधीच घासायचा नाही. व्हीसीआर बनवणाऱ्यांत शेवटी उरलेली फुनाई कंपनीही जुलै २०१६ मध्ये थांबली, त्यामुळे हेड तुटलं तर नवं आणायचं कुठून, हा प्रश्नच आहे. हात थरथरत असेल तर कुणाकडून तरी करून घ्या.

निळ्याची आणखी एक गंमत. तुमचा टीव्ही एलईडी आहे. सिग्नल डळमळला की असले टीव्हीसुद्धा स्वतःहून पडदा निळा किंवा काळा करतात. निळा कुणाचा हे ओळखायचं तर त्याच्यावरची अक्षरं बघा. व्हीसीआरचे आकडे निळ्यावर तसेच उभे असतील तर निळा व्हीसीआरचा. ‘नो सिग्नल’ लिहिलं असेल किंवा टीव्हीच्या कंपनीचं चिन्ह तरंगत असेल तर तो टीव्हीचा. जुन्या काचेच्या टीव्हीवर जे चित्र नुसतं थरथरतं, ते नवे टीव्ही कित्येकदा दाखवतच नाहीत. कुणाच्या घरी डबा टीव्ही अजून असेल तर एकदा त्यावर लावून बघा.

आता अक्षरांकडे येऊ. पडद्यावरच्या अक्षरांचे मालक तीन असतात. टीव्हीची अक्षरं फक्त टीव्हीवर दिसतात, लॅपटॉपवर येत नाहीत, ती सोडून द्या. व्हीसीआरची अक्षरं मशीनच्या आतच चित्रात मिसळतात आणि पिवळ्या पिनेतून चित्राबरोबर बाहेर पडतात, म्हणून तुम्ही उतरवून घ्याल त्या फाइलमध्ये ती कायमची बसतील. तिसरी कॅमेऱ्याची. शूटिंगवाल्याने तारीख चालू ठेवली असेल तर ती टेपवरच छापलेली आहे, ती कुठल्याही बटणाने जाणार नाही. ओळखायला स्टॉप दाबा. टेप थांबल्यावरही जे दिसतंय ते व्हीसीआरचं, चित्राबरोबर गेलं ते कॅमेऱ्याचं. खालच्या कोपऱ्यातली तारीख जाईना म्हणून मेनूशी तासभर झटलेले लोक मला माहीत आहेत.

मशीनची ही अक्षरं आधी नव्हती. ती पहिल्यांदा आली अकाईच्या व्हीएस-२ मध्ये, ऐंशीच्या दशकात. हेतू हा की काउंटर वाचायला आणि टायमर लावायला मशीनपुढे उकिडवं बसावं लागू नये. पुढे सगळ्यांनीच ते उचललं. बहुतेक मशीनच्या मेनूत ‘ओएसडी’ किंवा ‘ऑन स्क्रीन’ अशी ओळ असते आणि तिला ऑन, ऑफ आणि कधीकधी ऑटो असे पर्याय असतात. ऑटोवर बटण दाबल्यानंतर काही सेकंदच अक्षरं दिसतात. उतरवून घेताना ऑफच ठेवा. ऑटो ठेवलं तर प्ले दाबल्यावरचे पहिले काही सेकंद अक्षरांसकट येतात, आणि आपल्याकडच्या लग्नाच्या कॅसेटची सुरुवात नेमकी गणपती आणि पत्रिकेने होते. काही मशीनवर मेनूत जायचीही गरज नसते, रिमोटवर ‘डिस्प्ले’ नावाचं बटण असतं. ते एकेकदा दाबत गेलं की आधी सगळं, मग फक्त काउंटर, मग काहीच नाही, असं फिरतं.

रिमोट. इथे तुमची खरी अडचण आहे, कारण बऱ्याच मशीनवर पुढच्या बाजूला मेनूचं बटणच दिलेलं नाही. आधी घर पुन्हा शोधा, माळ्यावर जिथे मशीन होतं तिथेच रबर गुंडाळलेला सापडतो. सापडला तर सेलच्या जागी पांढरी-हिरवी भुकटी असेल, ती व्हिनेगरच्या थेंबाने पुसून कोरडी करा. रिमोट जिवंत आहे का ते मोबाइल सांगतो. समोरचा कॅमेरा चालू करा, रिमोटचं टोक त्याच्याकडे धरा, बटण दाबा. पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकला तर रिमोट ठीक. ठिपका दिसतोय आणि मशीन ऐकत नाहीये, तर रिमोटवर १-२ किंवा ए-बी असं काही लिहिलेलं आहे का बघा. एका घरात दोन मशीन असली तर गोंधळ नको म्हणून ती सोय असते, आणि सेल काढले की काही रिमोट पहिल्या क्रमांकावर परत जातात.

रिमोट सापडलाच नाही तर त्याच कंपनीच्या जुन्या टीव्हीचा रिमोट मागून आणा. नव्वदच्या दशकातल्या अशा कित्येक रिमोटवर खाली व्हीसीआरच्या बटणांची एक ओळ असायची. काही मोबाइलना इन्फ्रारेड असतं, त्यातही व्हीसीआरची यादी मिळू शकते. बाजारात शंभर-दीडशेला मिळणारे युनिव्हर्सल रिमोट मात्र हल्ली टीव्ही आणि सेट टॉप बॉक्सपुरतेच असतात, विचारल्याशिवाय घेऊ नका. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाणार असाल तर मशीनच्या मागच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर फोटो काढून न्या. ‘काळा, मोठा, समोर झडप असलेला’ एवढ्या वर्णनावर कुणी रिमोट देऊ शकत नाही.

मेनू उघडला की घड्याळ, टायमर, चॅनेल या पानांत अडकू नका. आपल्याकडे २०१२-१३ च्या सुमारास केबलला सेट टॉप बॉक्स आले तेव्हाच त्या पानांचं काम संपलं. उशिराच्या मशीन तर वीज गेली की पुन्हा चॅनेल शोधायला निघतात. एक्झिट किंवा स्टॉप दाबून बाहेर या आणि इनपुट ‘एव्ही’ करा. लुकलुकणारं घड्याळ काहींना अगदी बघवत नाही. त्यांच्यासाठी सांगतो, जुन्या मशीनला चालू साल घेता आलं नाही तर २८ वर्षं मागचं टाका. २०२६ साठी १९९८. वार बरोबर जुळतात.

जिथे वेळ द्यायचा ते पान म्हणजे कलर सिस्टिम. इथे ऑटो, पॅल, मेसेकॅम, एनटीएससी अशी नावं असतात. आपल्याकडचं शूटिंग पॅल, ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चित्रं. सिग्नल अशक्त असला की ऑटोवरचं मशीन गोंधळतं, पॅलला मेसेकॅम समजतं आणि चित्र मधूनच काळं-पांढरं होतं. आपली टेप असेल तर सरळ पॅलवर बांधून टाका. अमेरिकेतून भावाने पाठवलेली कॅसेट मात्र एनटीएससी असणार, ५२५ रेषांची. आपलं मशीन ती टीव्हीवर दाखवेल, पण बाहेर पडतो तो दोन्हींची सरमिसळ असलेला सिग्नल. टीव्हीला तो चालतो, चित्र लॅपटॉपवर उतरवणाऱ्या यूएसबीच्या कॅप्चर स्टिकला पुष्कळदा चालत नाही. असली कॅसेट अकरांत असेल तर बाजूला ठेवा, तिला खरं एनटीएससी मशीन लागेल. कॅप्चरच्या सॉफ्टवेअरमध्येही पॅलच निवडा, ७२० बाय ५७६, २५ फ्रेम. ते मुळात एनटीएससीवर असतं आणि मग रंग येत नाही म्हणून लोक माझ्याकडे मशीन घेऊन येतात. मशीनचा काही दोष नसतो.

चित्र नेमकं कुठे बिघडतंय हे शोधायलाही मेनू उपयोगी पडतो. मेनूचं पान मशीन स्वतः तयार करतं, त्यात टेपचा हात नसतो. मेनू स्थिर आणि स्वच्छ दिसतोय तर मशीनपासून टीव्हीपर्यंतच्या वायरी ठीक आहेत, दोष टेप, हेड किंवा ट्रॅकिंगचा, म्हणजे टेपवरच्या रेघांशी हेड जुळवण्याचा. मेनूच थरथरत असेल तर आधी वायर बदला. नव्या टीव्हीला तीन पिना थेट लागत नाहीत, मध्ये बारीक जॅकची जोडणी लागते आणि प्रत्येक कंपनीची आतली जुळणी वेगळी असते. चित्राऐवजी स्पीकरमधून गुणगुण येत असेल तर पिना अदलाबदल करून बघा.

ट्रॅकिंग बहुतेक मशीन स्वतः करतात. खाली किंवा मध्ये पट्टे राहिले तर टेप चालू असताना चॅनेलची वर-खाली बटणं दाबायची, दोन्ही एकदम दाबली की बऱ्याच मशीनवर परत ऑटो. चित्राच्या अगदी तळाशी जी बारीक फाटकी ओळ दिसते ती मात्र राहणारच. दोन हेड तिथे एकमेकांकडे काम सोपवतात. पिक्चर मोड असेल तर ‘एडिट’ ठेवा. ‘शार्प’ टीव्हीवर बरं दिसतं, पण फाइलमध्ये माणसांभोवती पांढऱ्या कडा येतात. रिपीट बंद करा, नाहीतर कॅसेट संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू होते आणि सकाळी सहा तासांची फाइल सापडते.

आवाजाच्या पानाबद्दल कुणी विचारत नाही, पण मला ते सगळ्यात आवडतं. मशीन हाय-फाय असेल तर तिथे हाय-फाय, नॉर्मल, मिक्स असे पर्याय असतात. नॉर्मल म्हणजे टेपच्या कडेची पट्टी. हाय-फाय आवाज चित्राबरोबर फिरत्या ड्रमने लिहिलेला असतो. पुढे कुणी ऑडिओ डब करून गाणी भरली असतील तर ती फक्त कडेच्या पट्टीवर जातात, चित्राबरोबरच्या आवाजाला धक्का लागत नाही. एका बारशाच्या कॅसेटवर सनईचं रेकॉर्ड घरच्याच कुणीतरी भरलं होतं. हाय-फायवर टाकलं तर खालून पाळणा म्हणणाऱ्या बायकांचा आवाज आला, त्यात त्या घरातली आता नसलेली पणजीही होती. आपल्याकडचे बरेच कॅमेरे साध्या आवाजाचे होते, त्यामुळे दर वेळी असं काही निघत नाही. पण बटण एकदा दाबून बघायला काय जातंय?

पावसाळा चालू आहे म्हणून दोन गोष्टी. मशीन माळ्यावरून काढल्या काढल्या चालू केलं आणि ‘ड्यू’ असं काही लुकलुकलं तर आत दमट आहे. वीज चालू ठेवून दोन-तीन तास थांबा, जबरदस्ती केलीत तर टेप ओल्या ड्रमला चिकटून गुंडाळली जाईल. आणि प्रत्येक कॅसेटच्या खिडकीतून रीळ उजेडात धरून बघा. कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी, ती कॅसेट मशीनमध्ये घालू नका. एक बुरशीची कॅसेट मशीनची हेड घाण करते आणि ते उरलेल्या दहांनाही बाधतं. चांगल्या कॅसेटच्या पाठीवरचा प्लॅस्टिकचा छोटा तुकडा आधीच मोडून टाका. रिमोट नसताना पुढची बटणं चाचपडत असताना बोट रेकॉर्डवर पडायला वेळ लागत नाही.

तुमच्या त्या दोन कॅसेट पूर्ण रिवाइंड करा, काउंटर शून्यावर आणा (कॅसेट काढून पुन्हा घातली तरी तो शून्य होतो) आणि प्ले करा. रिमोट मिळेपर्यंत ब्लू बॅक बंद करता येणार नाही, तरी निळ्यावरही आकडे दिसतातच. पडदा निळा झाल्यावर ते पुढे सरकतायत की थांबलेत, आणि निळा किती मिनिटांनी येतो, एवढं दोन्ही कॅसेटचं लिहून पाठवा. सोबत मशीनच्या मागच्या पट्टीचा फोटो.